अंक तेच, संख्या लगेच पुढची: लाखभर आकडी संख्येचं कोडं पायरीपायरीने

सांगली, कराड, साताऱ्याकडची इंजिनिअरिंगची मुलं कॅम्पसच्या ऑनलाइन परीक्षेची तयारी करतात, तेव्हा एक कोडं त्यांना कुठे ना कुठे भेटतंच. एक संख्या दिलेली असते. तिचेच अंक इकडचे तिकडे करायचे आणि तिच्याहून मोठी, पण मोठ्यांमध्ये सगळ्यांत लहान अशी संख्या छापायची. संख्या एक लाख अंकांपर्यंत लांब असू शकते.

ऐकायला सोपं आहे, म्हणूनच घात होतो. प्रोग्रॅम नमुन्याची दोन उदाहरणं पास होतो आणि छुप्या टेस्ट केसना (परीक्षेत न दाखवलेल्या इनपुटना) तोंडावर आपटतो. चूक बहुतेक वेळा हुशारीची नसते, क्रमाची असते. कागदावर करायचं काम कीबोर्डवर केलं जातं आणि आधी विचारायचे प्रश्न ‘राँग अ‍ॅन्सर’ आल्यावर विचारले जातात.

उदाहरणांसाठी आपल्याकडचे चार पिन कोड घेऊ: सातारा ४१५००१, कराड ४१५११०, मिरज ४१६४१० आणि सांगली ४१६४१६. ते घराजवळचे आहेत म्हणून नाही, तर चौघांत चार वेगळे सापळे आहेत म्हणून घेतलेत.

## टप्पा १: कोड लिहायच्या आधीचे प्रश्न

प्रश्नाचा मजकूर पुन्हा वाचा आणि या गोष्टींची उत्तरं कागदावर लिहून काढा. मनात ठेवू नका.

१. संख्या जास्तीत जास्त किती अंकी? ‘संख्या १०००० पेक्षा लहान’ आणि ‘संख्येत १०००० पेक्षा कमी अंक’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घाईत नेमकं हेच उलटं वाचलं जातं.

२. पुढची संख्या नसेलच, तर काय छापायचं? कुठे उणे एक मागतात, कुठे तीच संख्या, कुठे त्या अंकांची सगळ्यांत लहान संख्या.

३. डावीकडे शून्य आलेलं चालतं का? पुढची मोठी संख्या काढताना हा प्रश्न येत नाही, कारण उत्तराचा पहिला अंक मूळ अंकाइतका किंवा त्याहून मोठाच असतो. मागची लहान संख्या किंवा क्रमांक विचारला, की मात्र हाच प्रश्न मानगुटीवर बसतो.

४. एका फाइलमध्ये किती टेस्ट केस? आणि एक लाखाची मर्यादा प्रत्येक केसला आहे, की सगळ्यांची मिळून?

तपासा: ‘४३२१ दिलं तर काय छापायचं?’ याचं उत्तर मजकुरात बोट ठेवून दाखवता येत नसेल, तर वाचन अजून झालेलं नाही.

## टप्पा २: संख्येला संख्या मानू नका

सगळ्यांत महागात पडणारी चूक इथे होते. इनपुट दिसलं की हात आपोआप पूर्णांकाकडे वळतो. पण सी प्लस प्लसमधला लाँग लाँग हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकारही ९२२३३७२०३६८५४७७५८०७ इथे संपतो. हे झाले फक्त १९ अंक. जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच भरवशाचा. त्यापुढे तो न सांगता अंक बदलतो, म्हणजे एररही दिसत नाही. पायथनचा पूर्णांक कितीही मोठा होतो खरा, पण ३.११ आवृत्तीपासून ४३०० पेक्षा जास्त अंकांची स्ट्रिंग (अक्षरांची माळ) पूर्णांकात बदलायला गेलात, तर मूळ सेटिंगमध्ये व्हॅल्यू एरर येते. मर्यादा वाढवता येते, पण इथे त्याची काही गरजच नाही.

या कोड्यात बेरीज नाही, गुणाकार नाही. फक्त अंकांची तुलना आणि अदलाबदल आहे. त्यामुळे ओळ स्ट्रिंग म्हणून वाचा आणि अंक सुटे करून ओळीने लावलेल्या खणांत, म्हणजे अ‍ॅरेत ठेवा. पायथन आणि जावात स्ट्रिंग जागच्या जागी बदलता येत नाही. तिचे तुकडे जोडत बसलात, तर दर वेळी नवी प्रत तयार होते आणि लाख अंकांना वेळ हातातून निसटतो. पायथनमध्ये लिस्ट करा, जावात कॅरेक्टर अ‍ॅरे.

‘०’ ते ‘९’ ही अक्षरं क्रमाने लागलेली असतात. त्यामुळे तुलनेसाठी त्यांना आकड्यात बदलायची गरज नाही. मात्र टप्पा ७ मध्ये मोजणी येईल, तिथे अक्षरातून ‘०’ वजा केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सावधान: ओळीच्या शेवटी न दिसणारं अक्षर राहतं. विंडोजवर बनवलेल्या फाइलमध्ये हे हमखास. ते अ‍ॅरेत शिरलं की शेवटचा ‘अंक’ हा अंकच नसतो आणि पुढची सगळी तुलना बिघडते. वाचल्यावर लगेच दोन्ही टोकं छाटा आणि लांबी छापून बघा.

## टप्पा ३: पिव्हट शोधा, उजवीकडून

आता कागद घ्या. संख्या कमीत कमी वाढवायची असेल, तर बदल शक्य तितका उजवीकडे झाला पाहिजे. म्हणून उजव्या टोकाला उभे राहा आणि डावीकडे चालायला लागा. घाटात चालल्यासारखं समजा: अंक वाढला तर चढ, तेवढाच राहिला तर सपाटी, कमी झाला तर उतार. चढ आणि सपाटी ओलांडत राहायचं. पहिला उतार लागला की थांबायचं. उताराचा तो अंक म्हणजे पिव्हट. त्याच्या उजवीकडे उरलेल्या भागाला आपण शेपूट म्हणू.

शेपटीत अंक डावीकडून उजवीकडे उतरत्या क्रमात असतात. याचा अर्थ, तेवढ्या अंकांची सगळ्यांत मोठी मांडणी आधीच झालेली आहे. आत काहीही हलवलं तरी संख्या वाढणार नाही. म्हणूनच पिव्हटला हात लावावा लागतो.

कराड, ४१५११०. उजवीकडून: ०, मग १ (चढ), मग १ (सपाटी), मग ५ (चढ), मग १ (उतार). थांबा. पिव्हट म्हणजे दुसऱ्या जागेवरचा १ आणि शेपूट ५११०.

कराडचा सापळा त्या सपाटीत आहे. शेजारचे अंक समान असताना थांबलात, तर शेपूट फक्त १० उरते. पिव्हट १ आणि त्याच्याहून मोठा अंक शेपटीत कुठेच नाही. मग काही प्रोग्रॅम अनंत लूपमध्ये जातात, काही अ‍ॅरेच्या बाहेर हात घालतात आणि काही निमूटपणे चुकीचं उत्तर छापतात. अट एवढीच: डावा अंक उजव्याइतका किंवा मोठा असेपर्यंत पुढे चला. तुलनेतलं ते ‘बरोबर’चं चिन्ह विसरल्यामुळे जितके बळी जातात, तितके या कोड्यात दुसऱ्या कशाने जात नसावेत.

तपासा: डाव्या टोकाच्या बाहेर पडलात, म्हणजे पिव्हट नाही, म्हणजे पुढची संख्या नाही. टप्पा १ मधल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छापा आणि तिथेच थांबा. उणी जागा घेऊन पुढच्या टप्प्यात गेलात, तर पायथन उणी जागा शेवटून मोजतो आणि एररही देत नाही.

## टप्पा ४: पिव्हटचा जोडीदार

शेपटीतला असा अंक शोधा, जो पिव्हटपेक्षा मोठा आहे, पण तशा मोठ्यांत सगळ्यांत लहान आहे.

मिरज, ४१६४१०. उजवीकडून ०, १, ४, ६ असे चढ, मग १ हा उतार. पिव्हट १, शेपूट ६४१०. पिव्हटच्या अगदी शेजारी ६ आहे आणि तो मोठा आहे, म्हणून अनेक जण त्यालाच उचलतात. मग येतं ४६०१४१. ही संख्या मोठी आहे, पण लगेच पुढची नाही. बरोबर जोडीदार ४.

शोधायची पद्धत सोपी आहे. शेपूट उतरत्या क्रमात असल्यामुळे उजव्या टोकाकडून डावीकडे येताना पिव्हटपेक्षा मोठा असा जो पहिला अंक भेटेल, तोच घ्या. इथे अट काटेकोर मोठेपणाची आहे, समान चालणार नाही. म्हणजे टप्पा ३ मध्ये समान अंक ओलांडायचे आणि टप्पा ४ मध्येही पिव्हटशी समान असलेले अंक ओलांडायचे.

जोडीदार उजवीकडूनच का शोधायचा? १५४४० घेऊन बघा. पिव्हट १, शेपूट ५४४०, जोडीदार ४, पण असे ४ दोन आहेत. उजवीकडचा घेतलात, तर अदलाबदलीनंतर शेपूट ५४१० होते, उतरता क्रम टिकतो. डावीकडचा घेतलात, तर ५१४० होते आणि क्रम मोडतो. पुढच्या टप्प्यात शेपूट उलटी केली, की पहिल्या वाटेने ४०१४५ मिळतं, दुसऱ्या वाटेने ४०४१५. बरोबर पहिलं.

## टप्पा ५: अदलाबदल, मग उलटवणं

क्रम हाच: आधी पिव्हट आणि जोडीदार यांची जागा बदला, मग शेपूट उलटी करा. आधी उलटवलंत तर जोडीदार जिथे सापडला होता तिथे तो राहत नाही.

मिरज: ४१६४१० → अदलाबदलीनंतर ४४६११० → शेपूट ६११० उलटी → ४४०११६.

कराड: शेपूट ५११०, जोडीदार ५ → ४५१११० → ४५०१११.

सातारा, ४१५००१: उजवीकडे १, मग लगेच ०, म्हणजे पहिल्याच पावलाला उतार. पिव्हट ०, जोडीदार १, शेपूट एकाच अंकाची. उत्तर ४१५०१०.

सांगली, ४१६४१६: पुन्हा पहिल्याच पावलाला उतार. उत्तर ४१६४६१.

उलटवणं विसरणं ही दुसरी लोकप्रिय चूक. गंमत म्हणजे सातारा आणि सांगली दोन्ही उदाहरणं ती चूक पकडत नाहीत, कारण एका अंकाची शेपूट उलटी केली काय आणि नाही केली काय. फक्त अशाच उदाहरणांवर चाचणी करून ‘झालं’ म्हणणाऱ्यांची संख्या कमी नाही. शेपूट लांब असलेलं मिरज किंवा कराड घेतल्याशिवाय प्रोग्रॅम पूर्ण झाला असं समजू नका.

शेपूट उलटवण्याऐवजी सॉर्ट केली तर? उत्तर बरोबरच येतं आणि लाख अंकांना वेळही पुरतो. समान जोडीदारांपैकी कोणता घेतला याचाही मग फरक पडत नाही. पण माझं मत विचाराल तर उलटवाच. सॉर्ट टप्पा ४ मधली चूक झाकून टाकतो आणि ती चूक पुढच्या एखाद्या कोड्यात बाहेर येते.

सगळं मिळून साच्यासारखं लिहायचं तर:

जागा = शेवटून दुसरी
जोवर जागा अ‍ॅरेत आहे आणि तिथला अंक उजव्या शेजाऱ्याइतका किंवा मोठा आहे: जागा एकने कमी करा
जागा अ‍ॅरेबाहेर गेली: ‘नाही’चं उत्तर छापा, थांबा
जोडी = शेवटची जागा
जोवर जोडीचा अंक पिव्हटइतका किंवा लहान आहे: जोडी एकने कमी करा
पिव्हट आणि जोडी यांची अदलाबदल
पिव्हटच्या पुढून शेवटपर्यंतचा भाग उलटा करा
अंक जोडून छापा

तीन सरळ फेऱ्या आहेत. लाख अंकांना काही लाख क्रिया, यापेक्षा जास्त काम नाही.

सावधान, तयार फंक्शनबद्दल: सी प्लस प्लसच्या लायब्ररीत नेक्स्ट परम्युटेशन नावाचं फंक्शन तयार आहे आणि परीक्षेत ते वापरायला हरकत नाही. पण पुढची मांडणी नसेल तर ते ‘फॉल्स’ परत करतं आणि अ‍ॅरेची सगळ्यांत लहान मांडणी करून ठेवतं. परत आलेली किंमत न बघता छापलंत, तर ३२१ चं उत्तर १२३ येईल. पायथनच्या आयटरटूल्समधलं परम्युटेशन्स हे वेगळंच प्रकरण आहे. ते सगळ्या मांडण्या तयार करतं, तेही जागांच्या हिशोबाने. सांगलीच्या पिन कोडला वेगळ्या मांडण्या ९० आहेत, ते ७२० देतं. बारा अंकी संख्येत दहाही अंक असतील आणि दोन अंक दोनदा येत असतील, तर वेगळ्या मांडण्याच ११ कोटी ९७ लाख ५० हजार ४०० होतात. लाख अंकांचं नावच नको.

## टप्पा ६: स्वतःचा तपासनीस लिहा

छुप्या टेस्ट केस दिसत नाहीत, म्हणून स्वतःच्या तयार करायच्या. आधी हाताने तपासायच्या:

- १ अंकी कोणतीही संख्या: पुढची नाही
- ११११: नाही
- २०००: नाही
- १२: २१
- १९९९: ९१९९
- १००२०००: १०२००००

१९९९ मध्ये जोडीदार शेवटचा ९ आहे. तो न घेता पहिला घेतलात तर शेपूट १९९ होते आणि उलटल्यावर ९९१, म्हणजे उत्तर ९९९१. इतकं छोटं उदाहरण इतकी नेमकी चूक पकडतं, म्हणून ते यादीतून काढू नका.

मग एक मठ्ठ प्रोग्रॅम लिहा. दिलेल्या संख्येपासून एक-एकने पुढे जायचं, प्रत्येक संख्येचे अंक सॉर्ट करायचे, मूळ अंकांशी जुळले की थांबायचं. अंकांची संख्या वाढली तर ‘नाही’. हा प्रोग्रॅम मंद आहे, पण त्यात चुकायला जागाच नाही. १ ते ९९९९ पर्यंत दोन्ही प्रोग्रॅम चालवा आणि उत्तरं जुळवा. जिथे पहिल्यांदा जुळत नाही ती संख्या छापून थांबा, बाकीची यादी बघत बसू नका.

यादृच्छिक चाचणी करायची असेल तर फक्त ०, १, २ हे अंक वापरा. दहाही अंक वापरले की छोट्या संख्यांत समान शेजारी कमी येतात आणि आपल्या बहुतेक चुका समान अंकांपाशीच लपलेल्या असतात.

## टप्पा ७: क्रमांक विचारला तर

कोड्याचा दुसरा अवतार जास्त अवघड आहे: या अंकांच्या सगळ्या वेगळ्या मांडण्या चढत्या क्रमाने लावल्या, तर दिलेली संख्या कितवी? उत्तर प्रचंड मोठं असतं, म्हणून १,००,००,००,००७ ने भागून बाकी छापायला सांगतात. ज्याने भागायचं तो आकडा आणि बाकी घेण्याची क्रिया, दोन्हींना मॉड म्हणतात.

इथे बहुतेक जण शाळेतली पद्धत काढतात: डावीकडच्या अंकापेक्षा लहान अंक मोजा, उरलेल्या जागांच्या फॅक्टोरियलने (५! म्हणजे ५ × ४ × ३ × २ × १ = १२०) गुणा. सांगलीच्या पिन कोडला पहिला अंक ४, त्याहून लहान दोन १, म्हणून २ × १२० = २४०. ९० जणांच्या रांगेत २४० च्या पुढचा नंबर! अंक पुन्हा आले की फॅक्टोरियलला त्या पुनरावृत्तीने भागावं लागतं, हे इथे सुटलेलं असतं.

नीट पद्धत अशी. दहा खणांत प्रत्येक अंक किती वेळा उरलाय ते ठेवा. ‘एकूण’ म्हणजे उरलेल्या अंकांच्या वेगळ्या मांडण्या. सुरुवातीला सांगलीसाठी ६! भागिले (२! × २! × २!), म्हणजे ९०. मग डावीकडून प्रत्येक अंकासाठी क्रमाने तीन कामं करा:

१. एकूण × (या अंकापेक्षा लहान असे किती उरलेत) ÷ (किती अंक उरलेत) एवढं उत्तरात मिळवा.
२. एकूण × (हा अंक किती वेळा उरलाय) ÷ (किती अंक उरलेत) हे नवं ‘एकूण’.
३. या अंकाचा खण एकने कमी करा.

सांगली: पहिला ४ → ९० × २ ÷ ६ = ३०, नवं एकूण ३०. मग १ → शून्य, एकूण १२. मग ६ → १२ × २ ÷ ४ = ६, एकूण ६. मग ४ → ६ × १ ÷ ३ = २, एकूण २. शेवटचे १ आणि ६ काही देत नाहीत. बेरीज ३८. म्हणजे आधी ३८ आहेत आणि ४१६४१६ हा ३९ वा.

सावधान: कामं २ आणि ३ यांचा क्रम उलटला, तर खण आधीच कमी झालेला असतो आणि एकूण चुकतं. तसंच आधी गुणा, मग भागा. पूर्णांकात २ ÷ ६ आधी केलंत तर शून्यच.

लहान संख्यांना हे पुरतं. लाख अंकांना ‘एकूण’ मॉडमध्ये ठेवावं लागतं आणि मॉडमध्ये साधा भागाकार चालत नाही. बाकी घेतलेल्या संख्येला सरळ भागणं ही इथली सर्वांत जास्त होणारी चूक. भागाकाराऐवजी गुणाकार व्यस्ताने, म्हणजे भाजकाला ज्याने गुणल्यावर बाकी १ उरते त्या संख्येने, गुणायचं. मॉड ही मूळ (प्राइम) संख्या असेल, तर भाजकाचा (मॉड वजा २) इतवा घात, मॉड घेऊन, हाच त्याचा व्यस्त. १,००,००,००,००७ मूळ आहे, म्हणून ही युक्ती चालते. प्रश्नात मॉड १,००,००,००,००० दिला असेल तर चालणार नाही, तो आकडा नीट वाचा. सी प्लस प्लसमध्ये दोन बाक्यांचा गुणाकार लाँग लाँगमध्ये मावतो, तीन बाक्यांचा नाही. म्हणून प्रत्येक गुणाकारानंतर मॉड घ्या. सुरुवातीच्या ‘एकूण’साठीही हेच. २०! लाँग लाँगमध्ये मावतं, २१! मावत नाही.

आता साताऱ्याचा सापळा. ४१५००१ च्या एकूण मांडण्या १८०. वरच्या पद्धतीने पहिला ४ देतो १२०, मग १ देतो १२, मग ५ देतो ९. बाकीचे काही देत नाहीत. बेरीज १४१, म्हणजे १४२ वा. पण यात ०११४५० सारख्या शून्याने सुरू होणाऱ्या मांडण्याही मोजल्यात आणि त्या खऱ्या सहा अंकी संख्या नाहीत. पहिल्या जागी ० ठेवला, तर उरलेल्या पाच अंकांच्या मांडण्या ५! ÷ २! = ६०. शून्याने सुरू झालेलं चालत नसेल तर हे ६० वजा करा: ४१५००१ हा ८२ वा. कोणतं उत्तर हवंय ते टप्पा १ मधल्या तिसऱ्या प्रश्नानेच ठरलेलं असतं. मजकुरात ‘संख्या’ लिहिलंय की ‘मांडणी’, तेवढं बघा.

शेवटची तपासणी: आता तुमच्याकडे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. कोणतीही संख्या घ्या, तिचा क्रमांक काढा. मग पहिल्या प्रोग्रॅमने तिची पुढची संख्या काढून तिचाही क्रमांक काढा. फरक नेमका एक आला पाहिजे. ४१६४१६ चा ३९, तर ४१६४६१ चा ४०. ४१५००१ चा १४२, तर ४१५०१० चा १४३. मॉड घेतलेला असेल तर बाकी शेवटच्या टोकावरून पुन्हा शून्यावर येऊ शकते, म्हणून फरकही मॉडमध्येच घ्या. हजार-हजार अंकी यादृच्छिक संख्यांवर ही तपासणी चालवा. मठ्ठ प्रोग्रॅम तिथे पोचूच शकत नाही आणि लांब संख्यांत लपलेल्या मॉडच्या चुका तिथेच दिसतात. फरक दोन-तीन असा छोटा आला, तर आधी टप्पा ४ बघा, कदाचित जोडीदार चुकलेला असेल. फरक काहीच्या काही आला, तर टप्पा ७ मधला भागाकारही बघा.